घर कुठे घडावं? खांडबाऱ्याच्या निमित्ताने

कारखान्यात घडवलेली घरं म्हटलं की नवी मुंबईचे मनोरे डोळ्यांपुढे येतात. नवापूर तालुक्यातल्या खांडबाऱ्याचं नाव त्या चर्चेत कुणी घेत नाही. पण दुसरीकडे ओतून इथे आणून बसवलेल्या वस्तू या गावाला नव्या नाहीत. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाचे सिमेंटचे स्लीपर, विजेचे सिमेंटचे खांब, प्लॉटभोवतीची रेडिमेड कंपाउंड, दाराची सिमेंटची चौकट आणि रस्त्याखालच्या मोरीतला ह्यूम पाईप ही त्यांतली रोजच्या पाहण्यातली उदाहरणं. वालचंद हिराचंदांनी १९२६ साली इंडियन ह्यूम पाईप कंपनी काढली, तेव्हापासून हा पाईप गावोगाव पोचला. त्याहून जुनं उदाहरण इथल्या भिल्ल-गावितांच्या घरात सापडतं. सागाचे खांब आधी तासून ठेवायचे, बांबूचे तट्टे जमिनीवर विणायचे, मग गावकीने मिळून सांगाडा उभा करायचा आणि शेवटी शेणमातीने कूड लिंपायचा. उभारणी थोडक्यात आटपे, कारण बरंच काम आधी झालेलं असे.

आज इथल्या घरकुलाचं काम कुठे अडतं, हे वर्षाच्या चक्रात नीट दिसतं. पावसाळ्यात पाया खणता येत नाही. दिवाळी झाली की कित्येक कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, काही सुरतेकडच्या बांधकामांवर. होळीच्या सुमाराला माणसं परततात आणि हाती मार्च ते मे एवढाच काळ उरतो. त्या काळात हात मिळतात, पण पाणी आटलेलं असतं. स्लॅब ओतल्यावर किमान सात दिवस तो सतत ओला ठेवावा लागतो. खालचं सेंटरिंग गाळ्याच्या मापानुसार एक ते दोन आठवडे काढता येत नाही आणि प्लेटांचं भाडं चढत राहतं. प्यायच्या पाण्यासाठी हंडे घेऊन फिरणाऱ्या बाईने स्लॅबवर पाणी ओतावं, ही अपेक्षाच क्रूर आहे. मग पाणी कमी मारलं जातं, काँक्रीट कच्चं राहतं आणि छत गळू लागतं. बाहेर घडवण्याचा इथला सर्वांत मोठा फायदा मला यातच दिसतो. हौदात बुडवून पक्के केलेले भाग तेच पाणी पुन्हापुन्हा वापरून तयार होतात. माणसं गावी नसतानाही ते होतात आणि माणसं आली की नुसते बसवायचे राहतात.

मोठ्या शहरांत वेग मिळतो तोही याच कारणाने: पाया आणि भिंती एकाच वेळी तयार होतात. सातारा जिल्ह्यातल्या पसरणीच्या बी. जी. शिर्के यांनी पुण्यात ‘थ्री-एस’ पद्धत उभी केली. साच्यांत ओतलेले खांब-तुळया आणि स्वीडिश तंत्राच्या हलक्या सिपोरेक्स फळ्या हा तिचा गाभा. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुल त्यांच्याच कंपनीने बांधलं. सिडकोने २०२२ साली बामणडोंगरीत ९६ दिवसांत ९६ घरांची इमारत उभी केली. या कामांचं मला मनापासून कौतुक आहे. तरीही तोच साचा उचलून खांडबाऱ्याला आणू नये, असंच मी म्हणेन. भिंतीएवढे भाग कोंडाईबारीच्या घाटातून ट्रेलरवर आणायचे, पाड्याच्या कच्च्या रस्त्यावर क्रेन न्यायची आणि तीही एका पंचवीस चौरस मीटरच्या घरासाठी! प्रधानमंत्री आवास योजनेत मिळतात सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार. वाहतुकीतच त्यातला मोठा घास जाईल.

शिवाय या योजनेत लाभार्थ्याने घर स्वतः बांधायचं असतं, ठेकेदार नेमायचा नसतो. हा नियम मला मोलाचा वाटतो. म्हणून कारखान्यातून आख्खं घर येण्यापेक्षा घराचे सुटे भाग यावेत, तेही दोन माणसांना उचलतील एवढेच. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने फळी-तुळईचं छत यासाठीच तयार केलं. फळी तीस सेंटिमीटर रुंद आणि फार तर दीड मीटर लांब. आधी तुळया ठेवायच्या, त्यांवर फळ्या मांडायच्या, सांध्यांत सळई घालून वरून काँक्रीटचा पातळ थर द्यायचा. प्लेटा भाड्याने आणायला नकोत. या पद्धतीचं भारतीय मानक १९९४ पासून छापील आहे. घरकुलांच्या कामावर मात्र ते फारसं दिसत नाही.

ते का दिसत नाही, याचं अर्धं उत्तर इतिहासात आहे. स्वातंत्र्यानंतर निर्वासितांच्या घरांसाठी दिल्लीत सरकारने घरांचा कारखाना काढला. ओटो केनिग्सबर्गर या जर्मन वास्तुविशारदाची ती कल्पना. पण भिंतींचे भाग तडकू लागले आणि योजना बदनाम झाली. २००१ च्या भूकंपात कच्छमध्ये तयार भागांच्या अनेक शाळाखोल्या कोसळल्या, कारण भाग एकमेकांना नीट बांधलेले नव्हते. तापीचं खोरंही भूकंपाच्या दृष्टीने अगदी निर्धास्त नाही. त्यामुळे काटकसर कुठेही करावी, सांध्यात करू नये. सांध्यातली सळई आणि भिंतीवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा यांचा खर्च वाचवणं म्हणजे घरातल्या माणसांच्या जिवाशी खेळणं.

दुसरं अर्धं उत्तर मागणीचं आहे. साचे, हौद, कंपनयंत्र यांचा खर्च सतत काम मिळालं तरच भरून निघतो. घरकुलं मंजूर होतात यादीने, पण प्रत्येक जण सिमेंट आणतो सुटं. केरळात कोल्लमला १९८५ च्या सुमारास तिथले जिल्हाधिकारी सी. व्ही. आनंद बोस यांनी निर्मिती केंद्र काढलं. स्वस्त भाग तयार करायचे आणि तिथेच गवंडी शिकवायचे, असं ते काम. पुढे हुडकोने देशभर तशी केंद्रं उभारायला मदत केली. खांडबाऱ्याला रेल्वे आहे, विसरवाडीवरून नंदुरबारकडे जाणारा रस्ता आहे, आजूबाजूच्या पाड्यांचा राबता आहे. एका हंगामातल्या घरकुलांचं छताचं माप एकच ठरवून ग्रामपंचायतींनी एकत्र मागणी नोंदवली, तर महिला बचतगटांना असं केंद्र चालवता येईल. ऊसतोडीला न जाता गावातच थांबण्याइतकी मजुरी काही घरांना त्यातून मिळेल. ग्रामीण गवंड्यांच्या प्रशिक्षणाची सोय आवास योजनेत आधीच आहे. त्यात फळी बसवणं आणि सांधा भरणं हे धडे घालायला वेगळ्या निधीची वाट पाहावी लागणार नाही.