पाण्याचा दिवस

लासूर मागे पडतं आणि निम्मा डबा उठून बसतो. उद्या वसुबारस. देवगिरी एक्स्प्रेसच्या या डब्यात माणसांपेक्षा पिशव्या जास्त आहेत, आणि शेजारच्या काकूंच्या पिशवीतून डोकावणारा आकाशकंदिलाचा कागदी कोपरा रात्रभर माझ्या कानाला टोचतो आहे. गाडी पाऊण तास उशिरा धावतेय. त्याची तक्रार कोणी करत नाही. चारला उतरून करायचं काय, पाचला उतरलेलं बरं, असं काकूंचं मत.

वरच्या बर्थवरचा पोरगा कल्याणपासून मोबाइलवर गाणी ऐकतोय, हेडफोन न लावता. कसाऱ्यापर्यंत वरातीतली गाणी झाली, मग भीमगीतं, मनमाडनंतर भजनं. रात्री कोणी तरी एकदा "आवाज कमी कर रे" म्हणालं, त्यानं केला, आणि दहा मिनिटांनी गाणं चांगलं लागलं तेव्हा त्याच माणसानं "वाढव थोडा" म्हटलं. आता सगळ्यांच्या वतीनं तोच ऐकतोय.

मी खिडकीच्या काचेला कपाळ लावून दौलताबादचा किल्ला शोधतो. दिवसा तो चुकवू म्हटलं तरी चुकत नाही. या वेळी डोंगर आणि आभाळ एकाच काळ्या रंगात बुडालेलं आहे. दर खेपेला इथं मला शार्ङ्गदेव आठवतो. तेराव्या शतकात, यादवांच्या सिंघण राजाच्या पदरी, देवगिरीला हा माणूस राहत होता. आजोबा काश्मीर सोडून दक्षिणेत आलेले. नातू राजाच्या हिशेबखात्यात वरच्या हुद्द्यावर. आणि या हिशेबनिसानं 'संगीतरत्नाकर' लिहिला: सात अध्याय, स्वरापासून नृत्यापर्यंत. उत्तरेतले आणि दक्षिणेतले गवई पुढे वेगळ्या वाटांनी गेले, तरी दोघांचेही पंडित आजपर्यंत याच ग्रंथाचा दाखला देतात. मी ठाण्यात एका कंपनीत हिशेबच लिहितो, म्हणून मला त्याच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी. दिवसा जमाखर्च आणि रात्री श्रुती असं त्याला कसं जमलं असेल, कोण जाणे. माझी रात्र डोंबिवलीची लोकल पकडण्यात जाते.

"औरंगाबाद आलं," दारातून एक आवाज. "संभाजीनगर," दुसरा. दोघंही एकाच फलाटावर उतरतात आणि एकमेकांची पिशवी धरतात.

फलाटावर नवी पाटी आहे: छत्रपती संभाजीनगर. स्टेशन 1900 सालचं, निजामाच्या रेल्वेचं. गावाची नावं बदलण्याची सवय त्याहून जुनी. मलिक अंबरनं 1610 साली खडकी नावाच्या खेड्यावर शहर वसवलं, त्याच्या मुलाच्या नावावरून ते फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता हे. आमच्या घरात आई पटकन जे तोंडात येईल ते म्हणते, मी दुरुस्त करत नाही.

बाहेर रिक्षावाल्यांचा गराडा. "कां जाना भाई? लेणी? अजंठा? वेरूळ फुल डे करते क्या?" माझ्या पाठीवरची मोठी बॅग बघून मला पर्यटक समजलेत. "औरंगपुरा," मी म्हणतो. त्याचा चेहरा पडतो. "हौ, अपनेच गाँव के हो. दीड सौ देना." गावचा असल्याबद्दल सूट नाही. मी हसून मान हलवतो आणि चालायला लागतो. चाकाची बॅग असती तर गेलो असतो रिक्षानं. पण पाठीवर ओझं आणि हवेत गारवा असला की माझे पाय आपोआप पदमपुऱ्याच्या दिशेला वळतात.

रस्ता झाडला जातोय. खराट्याचा आवाज एका बाजूनं येतो, थांबतो, पुन्हा येतो. बंद शटरवर लायटिंगच्या माळा कोणी तरी बंद करायला विसरलंय. महावीर चौक ओलांडतो. गावात त्याला सगळे बाबा पेट्रोलपंपच म्हणतात, आणि मला वाटतं पंप उद्या उठला तरी म्हणत राहतील. बसस्टँडवर जालना, बीड, शिर्डी अशा आरोळ्या. तिथं काही बघण्यासारखं नाही, फक्त चहा आहे.

चहाच्या गाड्यावर स्टोव्हचा भुरभुर आवाज आणि त्याच्यावर एका छोट्या स्पीकरमधून कव्वाली. टाळ्या आणि पेटी ऐकू येते, शब्द स्टोव्ह खाऊन टाकतो. गाडेवाल्याचा हात चाळणी उचलतो तो बरोबर टाळीवर. मी विचारतो, "कुणाची आहे?" "मालूम नै भाऊ. पोट्टे ने भर के दिया." दोन रिक्षावाले भांडावं तसे बोलतायत, पण विषय मुलीच्या लग्नाचा आहे आणि दोघंही खुशीत आहेत. शायर सिराज औरंगाबादी याच गावचा, 1715 ते 1763. त्याची एक गझल आजही कव्वाल रंगलेल्या मैफलीत हमखास काढतात, पार कराचीपर्यंत. ही ती आहे का, हे मी कान देऊन ऐकतो. नाही. दुसरंच काही तरी आहे. चहा मात्र आल्याचा, तिखट, जीभ भाजणारा.

मिल कॉर्नर. मिल केव्हाच गेली, कोपरा उरला. पुढे भडकल दरवाजा, मलिक अंबरनं मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला. कमान इतकी उंच आहे की खाली उभा असलेला दूधवाला, त्याची मोटरसायकल आणि दोन्हीकडचे कॅन मिळून खेळण्यातले दिसतात. "बावन्न दरवाज्यांचं शहर" असं आम्ही शाळेत लिहायचो. निबंधात बावन्न, सहलीत मोजायला घेतले की सात-आठ. बाकीचे कुठे गेले असं विचारल्यावर बाईंनी पुढचा धडा घेतला होता.

खरं तर इथून उजवीकडे वळलो तर पंधरा मिनिटांत घर. मी डावीकडे वळतो.

पाणचक्कीचं फाटक अर्धं उघडं आहे. पहाटेची नमाज पढून माणसं बाहेर येतायत, खांद्यावर रुमाल, एकाच्या कडेवर झोपलेलं मूल. दारातल्या म्हाताऱ्याला मी विचारतो, "चाचा, पाच मिनिट अंदर?" तो माझ्या बॅगकडे बघतो. "किधर से आए?" "मुंबई से. घर इधरीच है." "तो घर क्यों नै गए?" याला उत्तर नाही. तो हात हलवतो. जा.

आवाज आधी येतो. उंच भिंतीवरून पाणी हौदात पडतंय. लांबून तो नुसता घोष वाटतो. जवळ गेलं की त्याचे पदर सुटे होतात. मधला जाड पडदा सतत कोसळतो, कडेच्या बारक्या धारा आपापल्या लयीत टपकतात आणि वारा आला की पडदा फाटतो, क्षणभर आवाज पातळ होतो, पुन्हा भरतो. हौदाच्या पाण्यात मासे काळ्या रेघांसारखे. वडाचं झाड एवढं मोठं की त्याच्याखाली अजून रात्रच आहे.

हे पाणी पंपानं चढवलेलं नाही. उत्तरेकडच्या डोंगराच्या बाजूनं, काही किलोमीटरवरून, जमिनीखालच्या नहरीतून आणि खापरी नळांतून ते उताराउतारानं येतं. शेवटी उभ्या मनोऱ्यातून स्वतःच्याच दाबानं भिंतीच्या माथ्यावर चढतं आणि तिथून खाली उडी घेतं. त्या जोरावर खालचं चाक फिरायचं आणि चाकावरचं जातं. 1744च्या सुमारास तुर्कताज खान नावाच्या सरदारानं हे उभं केलं. दळलेलं पीठ दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांच्या, वाटसरूंच्या भाकरीसाठी. माझ्या आजीला हे जातं कधी पटलं नाही. "दळणारीण नाही, मग ओवी कोण म्हणणार?" असं ती इथं आल्यावर दरवेळी म्हणायची, आणि मग हौदाच्या काठावर बसून बराच वेळ पाणी ऐकायची.

दर्गा ज्यांचा आहे त्यांचं नावच बाबा शाह मुसाफिर. बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानहून चालत चालत आलेले, इथं थांबले, इथंच गेले. त्यांच्या खानकाहच्या फारसी आठवणींचा ग्रंथ आहे, 'मल्फूजात-ए-नक्शबंदिया'. सायमन डिग्बी या इंग्रज अभ्यासकानं त्याचा इंग्रजी अनुवाद केला. औरंगजेबाच्या फौजेत नशीब काढायला तुराणातून, म्हणजे मध्य आशियातून आलेले शिपाई त्यात भेटतात. घर शेकडो कोस मागे राहिलेलं, पगार थकलेला, आणि आपल्या बोलीत दोन शब्द बोलणारं कोणी भेटावं म्हणून दर्ग्यात येऊन बसणारे. ते वाचताना मला ठाण्यातली आमची मेस आठवते. रविवारी आम्ही मराठवाड्याचे चौघं एका टेबलाला बसतो आणि "लई" म्हणून घेतो.

पंचवीस किलोमीटरवर खुलताबादला बुरहानुद्दीन गरीब झोपलेत. 'गरीब'चा तिथला अर्थ पैसे नसलेला असा नाही. परका, आपल्या मुलखाबाहेर पडलेला. महंमद तुघलकानं 1327 साली दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळात दिल्लीहून आलेल्यांपैकी ते. एका डोंगराच्या अलीकडे मुसाफिर, पलीकडे परका, आणि किल्ल्यात काश्मिरीचा नातू. आम्ही गावकरी म्हणवतो ते बहुधा जरा आधी आलेले एवढंच. आमचेही पणजोबा पैठणकडून आले.

मुसाफिर आणि परका, या दोघांत फरक एकच. गरीबसाहेब चिश्ती, त्यांना गाण्याचं वेड; समाच्या मैफलीत ते आणि त्यांचे शिष्य रंगून नाचत. मुसाफिरबाबा नक्शबंदी. त्या वाटेवर देवाचं नाव मनातल्या मनात घ्यायचं, ढोलक-पेटीशी फारसं सख्य नाही. म्हणजे इथं गाणं नव्हतं. फक्त हे पाणी होतं, रात्रंदिवस. कोणी मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही, पण भिंतीवर पाणी चढवून इतक्या उंचावरून पाडणाऱ्याला त्याचा आवाज ऐकू आला नसेल हेही मला खरं वाटत नाही.

चाचा मागे येऊन उभा. "हुए पाच मिनिट." झाले आहेत वीस. "अम्मा राह देखती होंगी. जाओ."

उजाडलंय. खडकेश्वराच्या बाजूनं घराकडे वळतो. महादेवाच्या या नावात जुनं खडकी गाव अजून शिल्लक आहे, इतक्या बारशांनंतरही. गल्लीच्या तोंडाशी विठ्ठलाच्या छोट्या देवळात काकडा संपत आलाय. कोजागरीला बसतो, कार्तिकी पौर्णिमेला उठतो. आत सात बायका, दोन म्हातारे, एक शाळेच्या स्वेटरमधलं पोरगं मृदंगावर. म्हातारे लय धरून, बायका जरा पुढे, आणि पोराचा हात दोघांच्या मध्ये कुठे तरी. शेवटच्या आरतीला सगळे एकदम जुळतात, कसे ते मला लहानपणापासून कळलेलं नाही. गोविंदकाका टाळ न थांबवता भुवईनंच विचारतात, कधी आलास? मी पंजा दाखवतो, पाच वाजता. ते भुवई आणखी वर नेतात. मग आत्तापर्यंत होतास कुठं?

प्रसादाचे चार शेंगदाणे आणि खडीसाखर हातावर घेऊन घराच्या पायऱ्या चढतो. भाजणीचा वास जिन्यातच लागतो. दार सताड उघडं, आणि दारातून आत, मोरीपर्यंत, हिरवी प्लास्टिकची नळी लोळतेय.

"आला का?" आई स्वयंपाकघरातूनच. "बॅग ठेव तिकडं. नळी धर आधी. आज पाण्याचा दिवस आहे."

आमच्या गल्लीत पाणी आठ दिवसांनी आलंय. पुढचं कधी, ते गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर कळेल. पन्नास-एक किलोमीटरवर जायकवाडीचं एवढं धरण, आणि ज्या गावात पावणेतीनशे वर्षांपूर्वी पाणी आपण होऊन भिंत चढत होतं तिथं आम्ही घड्याळ लावून नळाशी बसतो. यावर चिडायचं मी ठरवलेलं होतं, पण नळी हातातून सुटतेय.

रिकाम्या ड्रममध्ये धार पडते तेव्हा आवाज खोल, खर्जातला. पाणी वर येतं तसा तो चढतो. मी ड्रममध्ये डोकावून बघतोय. आईची पाठ माझ्याकडे, ती कढईत चकल्या सोडतेय, तेलाचा चरचराट चालू आहे, शेजारच्यांचा टीव्ही चालू आहे.

"भरला. काढ," ती म्हणते.

चार बोटं उरली आहेत. मी नळी काढून दुसऱ्या ड्रममध्ये टाकतो. आवाज पुन्हा खाली उतरतो.

"चहा घेतलास वाटतं बाहेर?"

"स्टँडवर."

"आणि गेला होतास तिकडं?"

"हो."

"पडतंय का पाणी?"

"पडतंय."

ती झारा निथळते. "आजीला आवडायचं," एवढंच म्हणते आणि पुन्हा, मागे न बघता, "काढ. भरला."

पावणेआठला नळ सुं-सुं करतो आणि थांबतो. तीन ड्रम, दोन हंडे, एक पिंप आणि अंघोळीचं पातेलं भरलेलं आहे.