तीन सेकंदांची गाडी, बर्फातले साडेनऊ सेकंद

पोर्शेची पहिली टायकान टर्बो एस ही विजेवर चालणारी गाडी जागेवरून सुटायची आणि २.८ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायची. त्याचं सगळं श्रेय मोटारी आणि बॅटरी घेऊन जातात. पण कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला, तर त्या श्रेयातला मोठा वाटा रबराचा निघतो. एवढ्या वेळात एवढा वेग म्हणजे सरासरी त्वरण जवळजवळ गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतकं. ते मिळायचं तर टायर आणि डांबर यांच्यातला घर्षणांक एकच्या आसपास हवा. कोरड्या, उबदार रस्त्यावर चांगला उन्हाळी टायर तेवढी पकड देतो. चाकांखाली दाबून घट्ट झालेल्या बर्फावर मात्र चांगल्या हिवाळी टायरचाही घर्षणांक ०.३च्या आसपास असतो. मग गाडी तीच, मोटारी त्याच, चालवणारा तोच, पण शंभर गाठायला किमान साडेनऊ सेकंद लागतात. काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर तो अंक ०.१पर्यंत उतरला, तर अठ्ठावीस.

हाच हिशेब उलटा करून ब्रेकला लावला म्हणजे विषयाचं गांभीर्य कळतं. ताशी ५० किलोमीटर, म्हणजे शहरातल्या रस्त्यावरचा साधा वेग. ब्रेक दाबल्यावर कोरड्या रस्त्यावर गाडी सुमारे दहा मीटरांत थांबेल, बर्फावर हिवाळी टायर असतील तर तेहतीस-चौतीस मीटरांत आणि निव्वळ गोठलेल्या थरावर जवळपास शंभर मीटर गेल्यावर. बर्फावर उन्हाळी टायर असतील, तर हिवाळी टायरच्या जवळपास दुप्पट अंतर लागतं. यात मोटारीची ताकद कुठेच येत नाही. म्हणून मला ठामपणे वाटतं, की जोरकस इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याने रंग, सीटचं चामडं आणि रिमची नक्षी ठरवण्याआधी टायरचा विचार करावा, आणि रिम टायरच्या मागून यावी. बहुतेकांचं नेमकं उलट होतं.

हा विषय जिथला आहे तिथेच जाऊन बघू. टायकान तयार होते स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८पासून भगिनी शहरं आहेत, आणि वाहन उद्योगामुळे पुण्या-मुंबईकडचे अनेक इंजिनिअर तिथे स्थायिक झालेत. शहर एका खोलगट वाडग्यात वसलंय. मध्यवस्तीत नुसता पाऊस पडत असतो आणि डेगरलोखच्या चढावर त्याचाच बर्फ झालेला असतो. शनिवारी श्वार्त्सवाल्डच्या डोंगरात किंवा पुढे ऑस्ट्रियात टिरोलला स्कीइंगला जायचं, तर एकाच दिवसात ओला रस्ता, चिखलबर्फ आणि कोरडा आउटोबान असे तीन ऋतू चाकांखालून जातात.

जर्मनीत कॅलेंडरची तारीख बघून हिवाळी टायर सक्तीचे होत नाहीत. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेलं दव असेल तेव्हा ते गाडीला हवेत, असा नियम आहे. मोडला तर ६० युरो दंड आणि लायसन्सच्या नोंदीत एक गुण. शिवाय १ ऑक्टोबर २०२४पासून ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो) एवढंच छापलेला टायर हिवाळी धरला जात नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह टायरच्या बाजूवर असायलाच हवं, कारण ते बर्फावरची ठरलेली चाचणी पार केल्यावरच मिळतं. लोक मात्र सोपा नियम पाळतात : ऑक्टोबर ते ईस्टर. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी परिस्थिती असेल तर सक्ती आहे, आणि तिथे टायरची नक्षी किमान ४ मिलिमीटर खोल लागते. टिरोलला जाणाऱ्याने हे निघण्याआधी मोजून बघावं.

नव्याने तिकडे गेलेला मराठी माणूस पहिल्या ऑक्टोबरात हटकून विचारतो, “चारही चाकांना मोटर आहे, मग वेगळे टायर कशाला?” चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी सुटायला मदत होते. थांबायला आणि वळायला होत नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच. उलट चारचाकी ताकदीमुळे गाडी इतकी सहज सुटते, की पकड किती कमी आहे याचा अंदाज पहिल्या वळणावर येतो, आणि तोवर वेग वाढलेला असतो.

इलेक्ट्रिक गाडीत भर पडते ती दोन गोष्टींची. पेट्रोलच्या इंजिनाला जोर यायला फेरे वाढावे लागतात, इथे पूर्ण जोर शून्य फेऱ्यांपासून हजर. घसरण रोखणारी यंत्रणा काही मिलिसेकंदांत जोर छाटते हे खरं, पण ती पकड निर्माण करू शकत नाही, असलेली वाटून देते. दुसरी गोष्ट ब्रेकची. पाय उचलला किंवा ब्रेकला हलका लावला की मोटरच जनित्र होऊन गाडी आवरते आणि वीज बॅटरीत परत जाते. रोजच्या वापरातलं सुमारे ९० टक्के ब्रेकिंग असंच होतं, असं पोर्शे सांगते. पहिल्या टायकानमध्ये हा परतावा २६५ किलोवॉटपर्यंत जात होता. एवढी ओढ सोसायची तीही टायरनेच. निसरड्यावर चाक सरकायला लागलं की संगणक परतावा कमी करतो, आणि थंडगार बॅटरी मुळातच कमी वीज स्वीकारते. एरवी पाय उचलताच आवरणारी गाडी त्या क्षणी सुटल्यासारखी वाटते. पहिल्या थंडीत रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन हे मुद्दाम अनुभवून घ्यावं.

उन्हाळी आणि हिवाळी टायरमधला खरा फरक नक्षीच्या आधी रबरात आहे. उन्हाळी स्पोर्ट्‌स टायरचं रबर तापलेल्या डांबरावर घट्ट राहावं असं केलेलं असतं, त्यामुळे थंडीत ते कडक होतं आणि खडीच्या बारीक खाचांमध्ये शिरत नाही. ७ अंश सेल्सिअस ही सोयीसाठी धरलेली खूणगाठ आहे. त्या अंशावर काही एकदम बदलत नाही, पण तिथून खाली उन्हाळी टायरची बाजू लंगडी होत जाते. कडाक्याच्या थंडीत अशा टायरच्या रबराला तडे जाऊ शकतात, म्हणून ते गोठणाऱ्या गॅरेजमध्येही ठेवू नयेत. हिवाळी टायरमध्ये रबराचं मिश्रण थंडीतही मऊ राहणारं असतं, सिलिका भरपूर असते आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसाएवढ्या बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फाला धरतात. खोल खाचांत बर्फ ठासून भरतो, तेही मुद्दामच, कारण बर्फाची बर्फावर पकड चांगली बसते.

ही विद्या उत्तरेकडून आली. फिनलंडच्या नोकिया गावातल्या कारखान्याने १९३४मध्ये जगातला पहिला हिवाळी टायर काढला, तोही ट्रकसाठी. दोनच वर्षांनी मोटारींसाठी ‘हाकापेलीटा’ आला. सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात लढलेल्या फिनिश घोडेस्वारांचं हे नाव आजही त्यांच्या टायरवर आहे. शेजारच्या नॉर्वेत २०२४मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ निव्वळ विजेवरच्या होत्या. त्यामुळे इलेक्ट्रिक गाडी बर्फात चालते का, हा प्रश्न तिकडे कधीच मागे पडलाय. तिथे चर्चा असते ती खिळ्यांचे टायर घ्यावेत की बिनखिळ्यांचे, याची. जर्मनीत खिळ्यांना बंदी असल्यामुळे स्टुटगार्टकराची त्या निवडीतून सुटका आहे.

आता रिम. इथे दिखाऊपणा आणि उपयोग यांची सरळ टक्कर होते. पहिली टायकान ४एस १९ इंची चाकांवर यायची, टर्बो २० इंची आणि टर्बो एस २१ इंची. १९ इंचीला पुढे २२५/५५ आणि मागे २७५/४५ मापाचे टायर, २१ इंचीला पुढे २६५/३५ आणि मागे ३०५/३०. या आकड्यांतला पहिला म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के. गुणाकार करून बघा. १९ इंचीवर रबराची उभी भिंत सुमारे १२४ मिलिमीटर, २१ इंचीवर जेमतेम ९२. या तीन सेंटिमीटरांत हवेची गादी असते. बर्फाखाली दडलेला खड्डा किंवा फुटपाथची कड लागली की आधी ती गादी दबते, आणि ती पुरली नाही की रिम वाकते. पुढचा टायर ४० मिलिमीटरने अरुंद झाला की चिखलबर्फ कापत खालच्या डांबरापर्यंत पोचणंही त्याला सोपं जातं. हिवाळ्यासाठी कंपनीने मान्य केलेल्या मापांपैकी सर्वांत लहान रिम घ्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

किती लहान, याची सीमा ब्रेक घालतात. टर्बो एसच्या पुढच्या सिरॅमिक डिस्क ४२० मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे साडेसोळा इंच. त्यावर कॅलिपर बसतो आणि त्याभोवती रिमला मोकळं फिरायचं असतं. म्हणून “भोकं जुळली” एवढ्यावर रिम विकत घेऊ नये. टायकानला पाच बोल्ट १३० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, टेस्ला मॉडेल ३ला ११४.३च्या. शिवाय रिम आत-बाहेर किती बसते ते माप वेगळं. बाहेरच्या कंपनीची रिम असेल तर जर्मनीत तिला त्या गाडीसाठी मान्यतेचा कागद लागतो, नाही तर तपासणी करून नोंद करून घ्यावी लागते.

लहान रिमचा आणखी एक फायदा थेट रेंजमध्ये दिसतो. २०२३च्या सुधारित टेस्ला मॉडेल ३ लाँग रेंजचा युरोपीय चाचणीतला आकडा १८ इंची चाकांवर ६७८ किलोमीटर होता, १९ इंचीवर ६२९. बॅटरी तीच, मोटारी त्याच, फक्त चाकं बदलून ४९ किलोमीटर गेले. हिवाळ्यात बॅटरी आणि हीटर आधीच रेंज खात असतात, तेव्हा हा फरक चार्जिंगचा एक थांबा वाचवू शकतो.

टायरच्या बाजूवर मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं. जड गाडीसाठी तो आकडा जिवावरचा आहे. ९९ म्हणजे एका टायरला ७७५ किलो, १०३ म्हणजे ८७५. टर्बो एस रिकामीच २३०० किलोच्या घरात जाते, त्यात चार माणसं आणि स्कीचं सामान. दुकानात त्याच मापाचा स्वस्त टायर मिळतो तो पुष्कळदा कमी भाराचा असतो, आणि तो अजिबात घेऊ नये. अक्षर म्हणजे वेगाची मर्यादा : एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. हिवाळी टायरला गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी मर्यादा चालते, पण चालकाच्या नजरेसमोर तसा स्टिकर लावावा लागतो. पोर्शेसाठी तपासलेल्या टायरवर एन ने सुरू होणारी खूण असते, टेस्लासाठीच्या टायरवर टी ने. आवाज कमी करण्यासाठी अशा अनेक टायरमध्ये आतून फोमचा पट्टा चिकटवलेला असतो. इंजिनाचा आवाज नसलेल्या गाडीत टायरची घरघर फार जाणवते, म्हणून.

बारमाही टायरचं काय? लहान शहरी गाडीसाठी, जिथे बर्फ क्वचित पडतो, ते उत्तम. पण ४०० किलोवॉटच्या पुढे ताकद असलेल्या, दोन टनांपलीकडच्या गाडीला दोन्ही टोकांना तडजोड देणं मला पटत नाही. जुलैत आउटोबानवर जोरात ब्रेक लावताना मऊ रबर लुळं पडतं, आणि जानेवारीत ते खऱ्या हिवाळी टायरची बरोबरी करत नाही. दोन पूर्ण संच, रिमसकट, हाच मार्ग. खर्च वाटतो तेवढा दुप्पट नसतो, कारण एक संच रस्त्यावर असताना दुसरा झिजत नाही.

ऑक्टोबरातलं काम एखाद्या चांगल्या वर्कशॉपमध्ये उभं राहून बघण्यासारखं असतं. बॅटरी तळाला असल्यामुळे लिफ्टचे हात ठरलेल्या चार जागांवर, रबरी ठोकळे ठेवूनच लावतात. इंचभर चूक झाली तर बॅटरीच्या कवचाला मार बसतो. उतरवलेल्या प्रत्येक टायरवर मेकॅनिक खडूने जागा लिहितो, पुढचा डावा, मागचा उजवा. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे, त्यामुळे पुढे-मागे अदलाबदल करायची सोय नाही. मागचे आधी झिजतात. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून साफ होतो, मग नवं चाक चढतं आणि टॉर्क रेंच १६० न्यूटन-मीटरला ‘टक्‌’ करतो. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर बोल्ट पुन्हा तपासायचे, आणि हे विसरायचं नाही. प्रत्येक संचाला हवेच्या दाबाचे स्वतःचे सेन्सर लागतात. पारा १० अंशांनी उतरला की दाब सुमारे ०.१ बारने कमी होतो, म्हणून थंडी पडली की हवा पुन्हा बघावी. उतरलेला संच धुऊन, मोजून ‘राइफनहोटेल’मध्ये, म्हणजे टायरच्या गोदामात, वसंतापर्यंत जातो. चकचकीत कापलेल्या कडांच्या रिमा रस्त्यावरच्या मिठाने डागाळतात, त्यामुळे हिवाळ्यासाठी पूर्ण रंगवलेली साधी रिम बरी.

जुना संच विकत घेताना बाजूवरचे चार आकडे वाचावेत. ३६२३ म्हणजे २०२३ सालचा छत्तिसावा आठवडा. नक्षी जर्मन कायद्याने १.६ मिलिमीटर पुरते, पण हिवाळी टायर ४च्या खाली आला की बर्फातली त्याची कामगिरी ढासळते.

महाराष्ट्रात टायकान २०२१पासून मिळते. इथे हिवाळी टायरची गरज नाही, निफाडला पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरला तरी. अशा पहाटे पहिले काही किलोमीटर टायर गरम होईपर्यंत जोर न लावणं एवढंच पुरे. आपला कठीण ऋतू पावसाळा. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर अरुंद टायरच्या आधी तरंगतो, आणि पाण्याखालचा खड्डा ९२ मिलिमीटरच्या भिंतीला दयामाया दाखवत नाही. स्टेपनी गाडीत नसतेच. तेव्हा पुण्यात किंवा मुंबईत अशी गाडी बुक करताना २१ इंचीचा मोह सोडून कंपनी देईल ती लहान रिम मागावी, आणि जूनच्या आधी मागच्या दोन टायरची नक्षी मोजून घ्यावी.