मोहरीची भावकी आणि धुऱ्यावरचे सोंग



पूर्वहंगामी उसाच्या दोन सऱ्यांमध्ये किंवा घरच्यापुरती धुऱ्याच्या कडेने मोहरी टाकणारे सभासद आपल्या उमरखेड, महागाव, पुसद भागात आहेत. मोहरीचा दाणा घरात फोडणीला लागतो, उरला तर घाण्यावर जातो. म्हणूनच शेतात मोहरीसारखे दिसणारे प्रत्येक झाड मोहरी आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे. गटात फिरताना "साहेब, ही रानमोहरी आहे ना?" असे बरेच जण विचारतात. रानमोहरी हे नाव आपण सरसकट चार-पाच झाडांना देतो. त्यातले एखादे मोहरीचे सख्खे असते, एखादे चुलत, तर एखादे नात्याचेच नसते. हे नाते कसे ओळखावे ते आज पाहू.

सख्खे भावंड. मोहरी कुळाची खूण फुलात आहे. पाकळ्या चार, समोरासमोर फुलीसारख्या. पुंकेसर सहा, त्यातले चार लांब व दोन आखूड. शेंग वाळली की दोन्ही सालपटे खालून वर सुटतात आणि मध्ये पातळ, पारदर्शक पडदा उरतो. हा पडदा दिसला की कूळ पक्के समजावे. दाणा चुरडला की झणका येतो, तोही याच कुळाचा.

आपली मोहरी आणि उत्तरेकडची सरसों यांतला फरक पानात आहे. सरसोंची वरची पाने देठाविना खोडाला मिठी मारून बसतात. मोहरीची तशी बसत नाहीत. मोहरी ही मुळात काळी राई आणि सरसों यांच्या संकरातून झालेली जात आहे. नागाहारू यू या शास्त्रज्ञाने १९३५ साली हे नाते मांडले. सरसोंची गुणसूत्रे २०, काळ्या राईची १६, आणि मोहरीची बरोबर ३६. हिशेब असा चोख जुळतो.

मुळाही याच घरातला. बियाण्यासाठी सोडलेल्या मुळ्याचे फूल पांढरे किंवा जांभळट असते. त्याची शेंग, म्हणजे आपली डिंगरी, फुगीर असते व वाळली तरी आपोआप उकलत नाही.

चुलत भावंड. पावसाळ्यात पडीक जागेत व धुऱ्यावर येणारी तिळवण पुष्कळांना फसवते. पाकळ्या चारच, शेंगही लांब, पण पान पाहा. मोहरीचे पान एकसंध किंवा कातरलेले असते. तिळवणीचे पान हाताच्या पंज्यासारखे तीन ते पाच पानांचे असते. पिवळी तिळवण हाताला चिकट लागते आणि तिला उग्र वास येतो. तिच्या चारही पाकळ्या फुलाच्या एका बाजूला झुकलेल्या असतात आणि पुंकेसर सहापेक्षा बरेच जास्त. पांढऱ्या तिळवणीचे पुंकेसर सहाच, पण ते एका लांब दांडीवर उंच चढून बसलेले. दोघींच्याही शेंगेत तो पडदा नसतो.

हे नाते ठरवताना शास्त्रज्ञांचीही ओढाताण झाली. २००३ च्या जागतिक वर्गीकरणात तिळवण मोहरीच्याच कुळात घातली होती. २००९ साली पुन्हा वेगळी चूल मांडून दिली. म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. तिळवण विषारी मात्र नाही. गढवालकडे पिवळ्या तिळवणीचे दाणे 'जखिया' म्हणून फोडणीत घालतात. पांढऱ्या तिळवणीची कोवळी पाने काही ठिकाणी भाजीला घेतात. आणखी एक गंमत अशी, की कडक उन्हात अन्न तयार करण्याची उसाची जी खास रीत आहे, तीच पांढऱ्या तिळवणीचीही आहे.

सोंग घेतलेला परका. आता मुख्य सावधगिरी. हिवाळ्यात कालव्याच्या काठाने, पडीक जागेत व रस्त्याकडेला पिवळा धोत्रा वाढतो. झाड उभे असताना तो ओळखायला सोपा. पाने काटेरी व पांढऱ्या शिरांची, फूल मोठे पिवळे व बहुधा सहा पाकळ्यांचे, बोंडावरही काटे, आणि देठ मोडला की पिवळा चीक. हा अफूच्या कुळातला, मूळचा मेक्सिकोचा. मोहरीशी त्याचे काही नाते नाही. पण खळ्यावर दाणा पडला की तो मोहरीसारखाच काळा, गोल व तेवढाच बारीक! घात होतो तो इथे.

त्याच्या तेलातील सँग्विनारिन या विषाने पायांवर सूज येते, धाप लागते, हृदय कमजोर होते, डोळ्यांतला दाब वाढतो. १९९८ साली दिल्लीत असे भेसळीचे मोहरी तेल खाऊन साठांहून अधिक माणसे दगावली. थोडी भेसळ असेल तर तेलाचा रंग वा वास पाहून ती सहज कळत नाही. म्हणून दाणा पाहावा, तेल नंतर.

घरच्या घरी करायची परीक्षा सोपी आहे. मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरा. मोहरीचा दाणा गुळगुळीत दिसतो; धोत्र्याचा खरबरीत, बारीक जाळी पडल्यासारखा आणि जास्त काळा. संशयाचा दाणा नखाने किंवा चमच्याने दाबून फोडा. आत पिवळा निघाला तर मोहरी, पांढरा निघाला तर धोत्रा. चाखून पाहू नका.

सभासदांनी एवढे करावे :

१. धोत्रा बोंड धरण्याआधीच, फुलावर असताना मुळासकट उपटावा. काटे व चीक असल्याने हातमोजे किंवा जाड फडके वापरावे.

२. मोहरी कापणीच्या आदल्या दिवशी शेतात व धुऱ्याने एक फेरी मारावी. निंदणाला व कापणीला येणाऱ्या बायाबापड्यांना झाड दाखवून ठेवावे.

३. घाण्यावर नेण्यापूर्वी दाण्याची वरील परीक्षा करावी. बाजारातून आणलेल्या सुट्या मोहरीचीही करावी.

४. उसात मोहरी असेल तर २,४-डी तणनाशक मारू नये. तणाबरोबर मोहरीही जाईल, आणि वाऱ्याने शेजारच्या पराटीचे नुकसान होईल ते वेगळेच.

झाड ओळखता येत नसेल तर फुला-शेंगेसह एक फांदी कागदात गुंडाळून आपल्या गट कार्यालयात आणावी. फूल, पान, शेंग या तिन्ही गोष्टी असाव्यात. नुसत्या पानावरून निकाल देता येत नाही. उसाला पाणी द्यायला जाता-येता धुऱ्यावर नजर टाकायला वेगळा वेळ लागत नाही. घरच्या फोडणीत आपल्या शेताची मोहरी पडते तेव्हा तिच्यात दुसरे काही नाही, याची खात्री आपणच करायची आहे.