बॉक्स हिलच्या उतारावरून

लंडनच्या दक्षिणेस, सरे परगण्यात, मोल नदीच्या काठी बॉक्स हिल ही खडूच्या दगडाची टेकडी आहे. लिओपोल्ड सॅलोमन्स या धनिकाने ती १९१४ साली नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केली. निसर्गरक्षण म्हणजे मनुष्याने हात आखडून स्वस्थ बसणे, अशी समजूत बाळगून येथे येणाऱ्यास, करवती घेऊन झुडपे तोडणारे स्वयंसेवक पाहून अचंबा वाटल्याखेरीज राहत नाही. परंतु येथील उतारांवरचे आखूड गवत मेंढ्यांनी व सशांनी पिढ्यान्‌पिढ्या चरून राखलेले असून, त्याच्याच आश्रयाने ऑर्किडची फुले आणि ॲडोनिस ब्लू हे निळे फुलपाखरू टिकले आहे. १९५३ साली मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग या देशात शिरला, ससे अतोनात मेले, आणि डॉगवुडच्या झुडपांना रान मोकळे मिळाले. ती हटविण्यासाठी १९५९ साली ‘कॉन्झर्व्हेशन कोअर’चे ४२ स्वयंसेवक येथे जमले, वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड बेलामी हे त्यांतलेच एक. ‘द कॉन्झर्व्हेशन व्हॉलंटिअर्स’ ही आजची देशव्यापी संस्था त्याच तुकडीतून वाढली.

झुडपे तुटतात हे खरे. पण त्या निमित्ताने माणसे कशी घडविली जातात, ते मला अधिक मोलाचे वाटते. तुकडीचे नेतृत्व नवख्या स्वयंसेवकाकडे एकदम येत नाही. प्रथम हत्यारांची मोजदाद, मग चहाचा बंदोबस्त, मग एखाद्या सकाळचे काम, अशा पायऱ्यांनी ते त्याच्या सुपूर्त होते. मी पाहिलेल्या तुकडीची सूत्रे एका विशीतल्या मुलीकडे होती. करवत चालताना अंगाला समांतर आणि दात्यांवर म्यान चढवूनच न्यावी, दोघांत हात व हत्यार मिळून होईल त्याहून अधिक अंतर राखावे, बुंधा जमिनीलगत कापावा म्हणजे ठेच लागत नाही, हे सारे तिने स्वतः करून दाखविले. आणि मग उत्साहाच्या भरात ती स्वतःच कापणीला भिडली. थोड्या वेळाने तुकडीतले एक वयस्क गृहस्थ जवळ आले व म्हणाले, “ती करवत माझ्याकडे दे, पोरी. तू नुसती बघ.” हात मोकळे होताच तिला कडेला एकटाच उभा असलेला एक अबोल तरुण दिसला, तिने त्याला तोडलेल्या फांद्या ओढण्याच्या कामी एका गप्पिष्ट बाईंच्या जोडीला दिले, आणि दुपारपर्यंत तो त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू लागला होता.

सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत घाम गाळलेल्या वाचकांना श्रमदानाची थोरवी मी सांगावी, असे नाही. तथापि आपल्याकडील पुष्कळ शिबिरांत सूत्रे अखेरपर्यंत संस्थापकाच्याच हाती राहतात, आणि त्यांच्या पश्चात ती घ्यायला कोणी तयार झालेले नसते, याची खंत मला येथे तीव्रतेने जाणवली. येथे संध्याकाळी हत्यारे मोजून झाल्यावर सारे गोलाकार बसतात, आणि काय चुकले हे प्रथम नेत्याने स्वतः सांगायचे, मग इतरांनी, असा परिपाठ आहे; वयाचा वा हुद्द्याचा मुलाहिजा त्यात नसतो. पुढील आठवड्यात शाळकरी मुलांची एक तुकडी यावयाची असून तिचा समग्र कार्यक्रम त्याच मुलीकडे सोपविला आहे. त्या वयस्क गृहस्थांनी चहाची व्यवस्था आपल्याकडे मागून घेतली आहे.