नदीला पाऊस उशिरा कळतो

लेकरांनो, काल सांजच्याला वळीव झोडपून गेला आणि तुम्ही लगेच गळ काढून बसलात. गांडुळांचा डबाही भरलात. पण उद्या नदीवर जायचं नाही. हिरमुसू नका, का ते सांगतो.

तुम्हाला वाटतं, आपल्या खटकचिंचोळीत पाऊस झाला म्हणजे नदीला पाणी आलंच. पण तसं नसतं. भालकीकडची आपली रानं काळ्या मातीची. उन्हाळाभर तिला भेगा पडत जातात आणि पहिला पाऊस या भेगाच पिऊन टाकतात. खरं वाटत नसेल तर बांधावरचं एक वाळलेलं ढेकूळ आणा आणि पेलाभर पाण्यात सोडा. आधी बारीक बुडबुडे सुटतील, कान लावला तर चिरचिर ऐकू येईल. मातीत कोंडलेली हवा बाहेर पडते आणि तिच्या जागी पाणी शिरतं. मग कडा सुटतात, नि बघता बघता ढेकळाचा चिखल होतो.

ही माती काळ्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, अगदी पातळ पापुद्र्यांचं. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की भिजलेल्या वहीसारखी माती फुगते. फुगली की भेगा मिटतात. भेगा मिटल्या की पाण्याला खाली जायला वाट उरत नाही, ते उताराला लागतं आणि ओढा वाहू लागतो. म्हणून मृगातला दणदणीत पाऊस पडूनही नदी हलत नाही, आणि उत्तरा-हस्तात तेवढ्याच पावसानं ती पात्राबाहेर येते. पाऊस तोच, जमीन बदललेली.

बिदर-हुमनाबादच्या अंगाला तांबडा जांभा आहे. त्याची तऱ्हा वेगळी. त्याच्या भोकाभोकांतून पाणी खाली उतरतं, तळाच्या घट्ट थरावर अडतं आणि पाऊस सरल्यावरही झऱ्यांतून झिरपत राहतं. बहामनी काळातल्या कारागिरांनी हे ओळखलं होतं. नौबादजवळ त्यांनी जमिनीखालून बोगदा खोदून ते पाणी बिदरकडे आणलं. सुरंग बावी म्हणतात ती हीच. एकदा तुम्हाला दाखवायला नेईन.

हिमालयातल्या सतलज-बियासना वसंतातच पाणी चढतं, कारण उन्हानं बर्फ वितळतं. आपल्या नद्या त्याच दिवसांत आटून डोहाडोहांत उरतात. आपला बर्फ म्हणजे ढग, आणि ते कुठं फुटतील ते त्यांच्या मनावर. मांजरा उगवते बीडच्या बालाघाटात, लातूरकडून फिरून आपल्याकडे येते. तिकडं रात्री पाऊस कोसळला, धनेगावच्या धरणाचं पाणी सोडलं, तर इथं लख्ख ऊन असतानाही पाणी चढतं. कारंजा नदीचंही तसंच, वर ब्याळहळ्ळीचं धरण आहे. काठावर बसलात की पाण्याच्या कडेला एक काडी रोवायची. काडी बुडायला लागली, फेस आणि पालापाचोळा तरंगत आला, पाणी एकाएकी गढुळलं, की गळ तिथंच टाकून वर यायचं. गळ दुसरा मिळतो.

आता खरी नवलाची गोष्ट. पाणी चढलं हे माशाला कसं कळतं?

रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात वाढतात, वजन धरतात, पोटात गाबोळीही तयार होते. पण साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. नव्या पाण्याची ओढ, त्याचा गारवा, काठावर पसरलेलं उथळ पाणी हे सगळं जुळून आलं की त्यांच्या मेंदूखालची वाटाण्याहून लहान पीयूष ग्रंथी रक्तात एक रस सोडते. तो रस अंडाशयाला पोचला की मादी अंडी सोडते, एकेका मादीची लाखांवर. हिरालाल चौधरी नावाच्या शास्त्रज्ञांनी विचार केला, पुराचा निरोप जर हा रसच पोचवतो, तर तो आपणच दिला तर? त्यांनी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशात मादी माशाला त्या ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन दिलं आणि पूर नसताना तिनं अंडी घातली. आज तळ्यातळ्यांत सोडलेलं बोटुकलं त्या युक्तीतून येतं. 10 जुलै हा मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात तो यासाठीच.

आणि आपला मरळ? तो तर वरची हवाही घेतो, म्हणून आटत्या डबक्यातही तगून राहतो. पावसाळ्यात काठच्या गवतात तांबूस पिल्लांचा गोळा वर येऊन श्वास घेताना दिसला, तर खाली आईबाप राखणीला असतात. तिथं गळ टाकायचा नाही. त्यांना धरलं तर तो अख्खा गोळा दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो.

तेव्हा आत्ता थांबायचं. नव्या पाण्याला मासळी वर चढते, पोटुशी असते, तिला जाऊ द्यायचं. गांडुळं शेणखताच्या ढिगात परत सोडा, डब्यात मरतील. पाणी उतरून निवळलं आणि गुडघाभर पाण्यात पायाची बोटं दिसायला लागली, की मी स्वतः तुम्हाला घेऊन जातो.