बारा सेकंदांचा दिवस

पहाटे 5:30

बालेवाडीच्या ट्रॅकवर या वेळी झाडलोट करणारे काका आणि मी, असे दोघंच असतो. धावपटू सहाला येतात. त्याआधी टायमिंग गेट लावून व्हायला हवेत. तिवईवरचे हे खांब जोडीने समोरासमोर उभे करायचे. त्यांच्यामधला किरण धावपटूने तोडला की घड्याळ चालू होतं किंवा थांबतं. किरण उंच ठेवला तर पुढे आलेला हात तो आधीच तोडतो, खाली ठेवला तर गुडघा. तीस मीटरला जेमतेम तीन सेकंद लागतात, तिथे दोन-तीन शतांशांची अशी चोरी परवडत नाही. म्हणून खांब कमरेच्या उंचीवर आणि अंतर पोलादी टेपने मोजलेलं. शेजारी वाऱ्याचं यंत्र. शर्यतीत पाठीमागून सेकंदाला 2 मीटरपेक्षा जास्त वारा असेल तर विक्रम धरत नाहीत. सरावात मी नुसती नोंद करते, म्हणजे संध्याकाळी कुणी उगाच खूश होत नाही.

सकाळी 6:15

वॉर्म-अप झाला की प्रत्येकाच्या तीन उड्या. कमरेवर हात, खाली बसून एकदम वर. फोर्स प्लेट उंची सांगते. सोबत चार प्रश्न: झोप किती झाली, पाय दुखतात का, जेवलात का, डोक्याला काही ताप? मुलींना पाळीबद्दलही विचारते. त्या आता न लाजता सांगतात.

दोनशे मीटर पळणाऱ्या मुलीची उडी आज तिच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा बरीच खाली आहे. बारावीची पूर्वपरीक्षा सुरू आहे आणि रात्री दोनपर्यंत रसायनशास्त्र चाललं होतं. आज तिला वेगाचं काम नाही, फक्त ड्रिल्स. "ताई, मी एकदम फ्रेश आहे," ती म्हणते. एका आकड्यावर मी कुणाला बसवत नाही. पण उडी, झोप आणि डोळे तिन्ही एकच सांगत असतील तर बसवते.

सकाळी 7:00

आज फ्लाइंग थर्टी. पहिल्या तीस मीटरमध्ये वेग पकडायचा, पुढचे तीस मीटर जीव तोडून. अशा चार फेऱ्या आणि दोन फेऱ्यांमध्ये सहा-सात मिनिटं विश्रांती. प्रशिक्षकांचा जुना हिशेब आहे: दर दहा मीटरमागे एक मिनिट. शरीरशास्त्र त्याला दुजोरा देतं. पूर्ण वेगात स्नायूंना क्षणात ऊर्जा पुरवणारा क्रिएटिन फॉस्फेटचा साठा काही सेकंदांतच बराचसा खर्च होतो आणि तो भरून यायला मिनिटं लागतात. साठा अर्धवट असताना पळवलं तर दम वाढेल, पण शरीर संथ पळण्याची सवय लावून घेईल.

नव्या मुलांना हे पटत नाही. गावाकडे त्यांनी डोंगर चढलेत, वाळूत टायर ओढलेत, ओकारी येईपर्यंत पळलेत. इथे येऊन सावलीत बसायचं म्हणजे त्यांना फसवणूक वाटते. हिशेब मांडला तर त्यांची शंका अगदीच चूक नाही: चार फेऱ्यांचे मिळून पूर्ण वेगाचे सेकंद होतात बारा. बाकी सकाळ त्या बारा सेकंदांची तयारी.

सकाळी 8:00

शंभर मीटरच्या एका मुलाच्या वेळा: 3.06, 3.04, 3.13. आमचा नियम असा की त्या दिवसाच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा दोन टक्क्यांहून जास्त घसरण झाली की बंद. मी टॅब आमच्या प्रशिक्षकांकडे, सरांकडे वळवायच्या आतच सरांनी हात वर केलेला असतो. त्यांना आकडा लागत नाही. पाऊल पडल्याचा आवाज बदलला की कळतं.

"सर, एक शेवटची."

"शेवटची झाली. बूट काढ."

सरांच्या कानावर मी वाद घालत नाही. उलट, त्यांना जे ऐकू येतं ते माझ्या नोंदीत कसं आणायचं, हेच माझं काम.

सकाळी 10:30

प्रयोगशाळा. धावणाऱ्याचा वेग क्षणाक्षणाला टिपायचा खटाटोप जुना आहे. स्नायूंवरच्या संशोधनासाठी 1922 चं नोबेल मिळवलेल्या ए. व्ही. हिल यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात धावपटूंच्या अंगाला चुंबकीय पट्टी बांधली आणि ट्रॅकच्या कडेने तारेची वेटोळी मांडली. धावपटू वेटोळ्यासमोरून गेला की त्यात विजेचा झटका उमटे आणि दोन झटक्यांमधल्या वेळेवरून वेग निघे. ते वर्ष 1927. आज माझ्याकडे लेझर आहे, पण आलेख तोच: आधी चढण, मग पठार, शेवटी थोडी उतरण.

या आलेखावरून प्रत्येकाने कोणत्या वेगाला जमिनीवर किती आडवं बल लावलं ते काढता येतं. फ्रान्सच्या पिएर सामोझिनो आणि जाँ-बेनुआ मोरँ यांनी त्यासाठीची पद्धत इतकी सोपी करून ठेवली की साध्या वेळांवरूनही हिशेब मांडता येतो. सुरुवातीला बल कमी पडणाऱ्याला जड स्लेड ओढायला मिळते. वरच्या वेगाला अडणाऱ्याला फ्लाइंग थर्टी.

पठाराची उंची कशावर ठरते? पाय भराभर हलवण्यावर, असं बहुतेकांना वाटतं. पीटर वेयंड आणि सहकाऱ्यांनी 2000 साली ट्रेडमिलवर मोजून दाखवलं की हवेतला पाय पुढे आणायला वेगवान आणि संथ माणसाला जवळपास सारखाच वेळ लागतो. सेकंदाला 11.1 मीटर पळणारा 6.2 मीटरवाल्यापेक्षा वेगळा ठरतो तो जमिनीला दिलेल्या सव्वापट जोरामुळे. उत्तम धावपटूचं पाऊल पूर्ण वेगात सेकंदाचा दहावा भागसुद्धा जमिनीवर टिकत नाही. तेवढ्यात जोर द्यायचा म्हणजे स्नायू ताजा हवा. सकाळच्या विश्रांतीचं कारण इथे येऊन मिळतं.

दुपारी 1:00

डबा उघडतानाच एका वडिलांचा फोन. "मॅडम, पोरगं जिल्ह्याला 10.6 पळालं, तुमच्याकडे 11.2 कसं?" अनिमेष कुजूरने 2025 मध्ये शंभर मीटरचा राष्ट्रीय विक्रम 10.18 वर नेला. त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी करून ठेवली आहे. मी समजावते: हाताच्या स्टॉपवॉचने वेळ घेणारा बार झाल्यावर क्षणभर उशिरा बटण दाबतो, पण शेवटची रेघ येताना दिसत असल्यामुळे तिथे उशीर करत नाही. म्हणून हाताच्या वेळेत 0.24 मिळवायचा रिवाज आहे. उरलेला फरक मैदान, वारा आणि बटणावरच्या अंगठ्याचा उत्साह.

"मग जास्त पळवा की त्याला!" जास्त नको, जोरात हवं, असं सांगून होईस्तोवर पोळी गार होते.

दुपारी 3:00

वाचन. नॉर्वेच्या थॉमस हॉगेन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये स्प्रिंट प्रशिक्षणाचं शास्त्र आणि उत्तम प्रशिक्षकांचा अनुभव शेजारी ठेवून पाहिला. शास्त्राची अडचण अशी की वेगाच्या अभ्यासांत भाग घेणारे पुष्कळसे लोक सांघिक खेळांतले खेळाडू किंवा तरुण विद्यार्थी असतात. जगातले अव्वल धावपटू मुळात मोजके, ते सहा आठवड्यांच्या प्रयोगासाठी सराव बदलणार नाहीत. स्त्रियांवरचं संशोधन त्याहून तोकडं. म्हणून मी शोधनिबंध आधी कुणावर केला ते बघते, निष्कर्ष नंतर.

संध्याकाळी 4:30

जिम. स्क्वॉट झाल्यावर नॉर्डिक: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंनी स्वतःला रोखत हळूहळू पुढे झुकायचं. स्प्रिंटरची हॅमस्ट्रिंग बहुधा पाय जमिनीला लागण्याच्या किंचित आधी फाटते, ती ताणली जात असताना. हा व्यायाम तिला नेमकं ताणाखाली तग धरायला शिकवतो. 2019 च्या एका विश्लेषणात 8,459 खेळाडूंची माहिती एकत्र केली होती. नॉर्डिक करणाऱ्यांत ही दुखापत जवळपास निम्मी आढळली. त्यात फुटबॉलवाले भरपूर, तरी आमच्या पोरांना सूट नाही.

संध्याकाळी 6:00

तांत्रिक सत्र, स्टार्टिंग ब्लॉक. बार झाल्यापासून 0.100 सेकंदाच्या आत हालचाल झाली तर फॉल्स स्टार्ट. 2022 च्या जागतिक स्पर्धेत डेव्हन ॲलन 110 मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीतून 0.099 साठी बाद झाला, तेव्हापासून मुलं या आकड्याला भलतीच भितात. त्यांना मी पॅरिस 2024 ऑलिम्पिकची शंभर मीटरची अंतिम शर्यत सांगते. नोआ लाइल्सचा प्रतिसाद 0.178, त्या रांगेतल्या सर्वांत संथ प्रतिसादांपैकी एक. तरी तो पाच सहस्रांशाने जिंकला. सुरुवात महत्त्वाची खरी, पण शर्यत शंभर मीटरची असते.

रांगेत शेवटी सकाळची दोनशे मीटरवाली उभी आहे, स्पाइक्स घालून. सर तिच्याकडे नुसते बघतात. ती रांगेतून बाहेर येते.

रात्री 8:30

दिवसभरात जमलेले आकडे हजारोंनी आहेत. सरांना पाठवायच्या ओळी तीन. शंभरवाला: उद्या वेग नको, हलका सराव. फोनवाल्या वडिलांचा मुलगा: सुरुवातीचं बल कमी, आठवड्यातून दोनदा स्लेड. दोनशेवाली: झोप भरून निघेपर्यंत ट्रॅक बंद. संशोधनाचा उपयोग मुलांना अधिक काम द्यायला होईल, या समजुतीने लोक माझ्याकडे येतात. माझी बहुतेक वाक्यं 'नको'ने संपतात.

सरांचं उत्तर लगेच येतं: "पहिले दोन ठीक. तिसरीला आपलं दोघांचं पटणार नाही. तिच्या आईला फोन केलाय, परीक्षा संपेपर्यंत स्पाइक्स कपाटात आणि किल्ली आईकडे."