मनमाडला गाडी बदला

रेल्वेच्या तिकिटावरचा दहा आकडी पीएनआर आपण मोबाइलमध्ये टाकतो, वेटिंग किती सरकलं ते पाहतो आणि विसरून जातो. त्याचा पहिला आकडा मात्र बघण्यासारखा असतो. १ असेल तर ती जागा सिकंदराबादच्या आरक्षण-संगणकाने दिलेली. २ किंवा ३ असेल तर दिल्लीच्या, ४-५ चेन्नईच्या, ६-७ कोलकात्याच्या आणि ८-९ मुंबईच्या. हैदराबादेतल्या गौलीगुड्यात राहणाऱ्या माणसाने डेक्कन क्वीनचं तिकीट काढलं, की पैसे हैदराबादेत भरले जातात, कागद हैदराबादेत छापला जातो, पण जागा दिलेली असते मुंबईतल्या यंत्राने. मधल्या सातशे-आठशे किलोमीटरांत काय घडतं, हा या लेखाचा विषय.

गौलीगुडा म्हटलं की जुन्या हैदराबादकरांना बसस्टँड आठवतं. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बस घेऊन रस्तावाहतूक सुरू केली. त्या काळापासून इथल्या ‘मिसिसिपी’ हँगरमध्ये, म्हणजे मुळात विमानांसाठी बनवलेल्या लोखंडी छपराखाली, बसगाड्या उभ्या राहत. १९९४ मध्ये मोठं स्टँड पलीकडे इम्लीबनला गेलं आणि २०१८च्या जुलैत हँगर कोसळला. आसपासच्या वस्तीत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जांबागचं विवेकवर्धिनी आणि इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथसंग्रहालयही या भागातलंच. या घरांचे सोयरे नांदेड, औरंगाबाद, सोलापूर, पुण्यात. लग्नसराई आली की काचीगुडा स्टेशन गाठायचं. जायचं तिकीट मिळे. खरी चिंता परतीची. संगणकाआधी परतीच्या आरक्षणासाठी समोरच्या स्टेशनला तार जाई आणि उत्तराची वाट बघत बसावं लागे. लग्न लागेपर्यंत तार आली नाही, तर वऱ्हाडाने काय करायचं हे ज्याने त्याने ठरवायचं.

१९८५ मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झालं. सीएमसी या सरकारी कंपनीने ते बनवलं होतं. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला, तेव्हा मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल याच कंपनीकडे आली होती. दिल्लीपाठोपाठ मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद इथेही केंद्रं झाली. यंत्रं होती डिजिटल कंपनीची व्हॅक्स. वर्तमानपत्रं त्यांना सरसकट मेनफ्रेम, म्हणजे अवाढव्य मुख्य संगणक, म्हणत. काटेकोर बोलायचं तर ती मधल्या आकाराची यंत्रं, आणि तीच बाब पुढे कामी आली. पण सुरुवातीला ही पाच बेटं होती. प्रत्येकाजवळ आपापल्या गाड्यांचा साठा; शेजाऱ्याच्या साठ्याला हात लावायची सोय नाही. परतीच्या तिकिटाचं दुखणं संगणक येऊनही तसंच राहिलं.

सगळा साठा उचलून दिल्लीत एकाच अवाढव्य यंत्रात ओतावा, हा उपाय तेव्हाही सुचण्यासारखा होता. रेल्वेने तो केला नाही, आणि माझ्या मते तिथेच खरं शहाणपण होतं. त्या काळच्या दूरध्वनीच्या तारा भरवशाच्या नव्हत्या. एक तार तुटली म्हणून सिकंदराबादच्या खिडकीवरचा माणूस सिकंदराबादच्याच गाडीचं तिकीट देऊ शकत नाही, असं चालणार नव्हतं. म्हणून साठे जिथल्या तिथे ठेवले आणि मध्ये निरोप पोचवणारी यंत्रणा बसवली. ‘क्रिस’ या रेल्वेच्या संगणक-संस्थेने नव्याने लिहिलेली ही प्रणाली म्हणजे ‘कॉन्सर्ट’. जुनी फोरट्रॅनमध्ये होती, ही सी भाषेत. ती पहिल्यांदा सुरू झाली सप्टेंबर १९९४ मध्ये, आणि तीही दिल्ली-मुंबईला नव्हे, सिकंदराबादला. पाचही केंद्रं जोडली जायला एप्रिल १९९९ उजाडला.

खिडकीवरचा कारकून आता मुंबईची गाडी मागतो तेव्हा त्याचं टर्मिनल मुंबईशी थेट बोलत नाही. मागणी स्थानिक यंत्रात जाते. ही गाडी आपली नाही हे ते ओळखतं आणि निरोप मुंबईच्या यंत्राकडे धाडतं. या कामासाठी डिजिटलचं ‘रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर’ हे सॉफ्टवेअर वापरलं गेलं. त्याची रचना तीन मजली: पुढे खिडकीची बाजू, मागे साठ्याची बाजू आणि मध्ये राउटर. या राउटरचं काम नुसतं टपाल पोचवण्याचं असतं तर त्याच्यावर कोणी लेख लिहिला नसता.

अडचण अशी, की मुंबईने बर्थ दिला आणि उत्तर परत येता येता तार तुटली, तर काय? कारकुनाला वाटेल मागणी पोचलीच नाही. तो पुन्हा मागेल आणि एका प्रवाशाच्या नावावर दोन बर्थ लागतील. किंवा कंटाळून सोडून देईल आणि एक बर्थ नागपूरपर्यंत रिकामा धावेल. यावरचा उपाय व्यवहार दोन टप्प्यांत करण्याचा. आधी सर्व बाजूंना विचारायचं, ‘तयार आहात?’ सगळ्यांनी होकार भरला की मगच ‘पक्कं करा’. प्रत्येक पावलाची नोंद डिस्कवरच्या वहीत करायची. तार पुन्हा जुळली की वही उघडून अर्धवट राहिलेले व्यवहार पुढे न्यायचे, आणि आधीच पुरा झालेला व्यवहार दुसऱ्यांदा होऊ द्यायचा नाही. सांगायला दोन ओळी लागतात. निर्दोष करायला लोकांनी वर्षं घालवली आहेत.

रेल्वेच्या पाचही केंद्रांची यंत्रं निदान एका जातीची होती. बँका, विमा कंपन्या, विमानसेवा यांच्याकडे जगभर वेगळंच चित्र होतं. मुख्यालयात आयबीएमचं मेनफ्रेम, शाखांत भलत्याच कंपन्यांची यंत्रं. आयबीएमने १९७४ मध्ये ‘एसएनए’ नावाची आपली संपर्कपद्धत आणली. तिच्यात सगळं कडक शिस्तीचं: कोणत्या पत्त्यावर कोणतं टर्मिनल, कोण कधी बोलणार, हे वरून ठरलेलं. टर्मिनलचा पडदा २४ ओळी गुणिले ८० अक्षरं, म्हणजे १९२० खाने. अख्खा फॉर्म भरून एंटर दाबला की बदललेले खाने एकदम वर जाणार. शाखेतल्या यंत्राला एकेक अक्षर पाठवायची सवय. लिपीही वेगळी. मेनफ्रेमच्या एब्सिडिक संकेतात कॅपिटल ए म्हणजे १९३. बाकी जगाच्या आस्कीत ६५. एब्सिडिकमध्ये अंक अक्षरांच्या नंतर येतात, आस्कीत आधी. खातेदारांची यादी एका यंत्रावर लावून दुसऱ्याकडे दिली तर क्रमच उलटापालटा.

मराठवाड्याच्या माणसाला हे समजायला मनमाड पुरेसं आहे. काचीगुड्याहून निघालेली मीटरगेज गाडी मनमाडला संपायची. पुढे मुंबईला ब्रॉडगेज. माणसं फलाट ओलांडत, माल हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जाई. रुळांची रुंदी कोणीच बदलत नसे. सगळी कटकट मनमाडने सोसायची. मेनफ्रेम आणि शाखा यांच्यामध्ये बसवलेलं, व्हॅक्ससारखं मध्यम आकाराचं यंत्र म्हणजे हे मनमाड. त्यासाठी डिजिटलने खास गेटवे काढले आणि १९८८ मध्ये आलेल्या आयबीएमच्या एएस-४०० कडूनही हेच काम घेतलं गेलं.

या यंत्राला एक लबाडीही करावी लागे. मेनफ्रेमच्या बाजूने दर थोड्या वेळाने प्रत्येक टर्मिनलची हजेरी घेतली जाई, आणि ठरल्या वेळात ‘हजर’ आलं नाही तर संबंध तोडला जाई. दूरच्या, रेंगाळणाऱ्या लाइनवर ते उत्तर वेळेत पोचेच ना. मग मधलं यंत्र टर्मिनलच्या वतीने स्वतःच ‘हजर’ म्हणून टाकी आणि खऱ्या टर्मिनलशी सावकाश बोले. कॉलेजातल्या प्रॉक्सीसारखंच, फरक एवढाच की हिच्यामुळे बँक चालू राहिली. पुढे आयपी, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीच्या, जाळ्यांतून एसएनए नेताना त्या जाळ्यांतल्या राउटरांनीही हीच युक्ती उचलली.

२००२च्या ऑगस्टमध्ये आयआरसीटीसीची वेबसाइट सुरू झाली, तेव्हा जुन्या आरक्षण-यंत्रणेपुढे आणखी एक मजला चढला. ब्राउझर थेट त्या यंत्रांशी बोलत नाही. मधले सर्व्हर त्याची मागणी जुन्या यंत्रांना कळेल अशा रूपात पोचवतात. म्हणूनच चोवीस तास उघडं वाटणारं हे दुकान रात्री पावणेबारा ते बारा वीस बंद राहत आलं: मागच्या यंत्रांना दिवस मिटवायचा असतो. ‘पैसे कापले, तिकीट नाही’ हा सार्वत्रिक अनुभवही इथलाच. रेल्वेच्या हद्दीत दोन टप्प्यांची शिस्त आहे. बँक मात्र त्या हद्दीबाहेर. तिने होकार दिल्यावर इकडे बर्थ उरला नाही, तर एकदम मागे फिरण्याची सोय नाही. परतावाच करावा लागतो.

मधलं यंत्र तात्पुरतं म्हणून बसवतात, ‘मेनफ्रेम बदलेपर्यंत’. मेनफ्रेम बदलत नाही. काही वर्षांनी मधल्या यंत्रातल्या तक्त्यांचा अर्थ सांगणारा माणूस निवृत्त होतो आणि आता जुनी म्हणून जपायची वस्तू एक न राहता दोन होतात. आयबीएमच्या ३७४५ या संपर्क-नियंत्रकाचं असंच झालं. कपाटाएवढं ते यंत्र मेनफ्रेमच्या सगळ्या लाइनी सांभाळायचं. २००२ मध्ये आयबीएमने त्याची विक्री थांबवली. पण त्याच्यावर चालणारा प्रोग्रॅम ग्राहकांना सोडवेना. शेवटी २००५ मध्ये आयबीएमने लिनक्सवर चालणारं एक सॉफ्टवेअर विकायला काढलं. ते त्या कपाटाची नक्कल करतं, आणि जुना प्रोग्रॅम त्यात आपण त्याच कपाटात आहोत अशा समजुतीने चालत राहतो.